दुसऱ्याचें दुःख शाळेंत शिकवितां येतें काय?

आजच्या भाषणाचा विषय मला सुचविण्यांत आला, तेव्हां प्रथम थोडें हंसूंच आलें. शाळेंत गणित शिकवितां येतें, व्याकरण शिकवितां येतें, नकाशांत गंगा कोठून निघते व कोठें मिळते हें छडी न घेतांहि शिकवितां येतें. परंतु दुसऱ्याचें दुःख आपल्याला कळावें, ही गोष्ट कोणत्या तासाला शिकवावयाची? वेळापत्रकांत तिला रकाना नाहीं आणि परीक्षेंत तिला गुण नाहींत. तरीहि मीं हा विषय पत्करला, याचें कारण एवढेंच कीं, कांहीं वर्षांपूर्वीं माझ्या वर्गांतील एका मुलीनें एका कोंकराला दगड मारला, आणि तो दगड माझ्या मनांतून अद्याप गेलेला नाहीं.

ती हकीकत सांगण्यापूर्वीं शब्दाचा थोडा खल केला पाहिजे. या गुणाला इंग्रजींत आज सर्रास 'एम्पथी' म्हणतात. पण त्या शब्दाचें वय फारसें नाहीं. एडवर्ड टिचनर या मानसशास्त्रज्ञानें १९०९ सालीं एका जर्मन शब्दाला प्रतिशब्द म्हणून तो प्रचारांत आणला. मूळ जर्मन शब्दाचा अर्थ 'आंत शिरून अनुभवणें' असा आहे, आणि मौज अशी कीं, रॉबर्ट फिशर यानें १८७३ मध्यें तो वापरला तो माणसांच्या संबंधांत नव्हे. एखाद्या आकृतीकडे पाहतांना पाहणाराचें मन तिच्या आंत कसें शिरतें, हें त्याला सांगावयाचें होतें. म्हणजे माणसाच्या अंतःकरणांत शिरण्यापूर्वीं हा शब्द वस्तूंच्या अंतरंगांत फिरून आला. आपल्याकडे ही कल्पना फार जुनी आहे. परकायाप्रवेशाची कथा आपण सर्वांनीं लहानपणीं ऐकली आहे. ज्या विषयाचा आपल्याला अनुभव नाहीं त्याविषयीं वाद करण्याचा आपल्याला अधिकार नाहीं, म्हणून शंकराचार्य अमरु राजाच्या देहांत शिरले, अशी ती आख्यायिका. गीतेंत ज्याला आत्मौपम्य म्हटलें आहे तेंहि हेंच: आपल्या उपमेनें दुसऱ्याचें सुखदुःख मापणें. 'सहानुभूति' हा शब्दहि मुळांत चांगला. परंतु दुखवट्याच्या पत्रांत आणि सभेच्या ठरावांत वापरून वापरून त्याची धार गेली आहे. राहिली ती 'कींव'. कींव करणारा नेहमीं वरच्या पायरीवर उभा असतो. मला मुलांना शिकवावयाचें होतें तें पायरी उतरणें. आणि मी त्यांना शिकवीत होतों तें मात्र, नकळत, पायरी चढणें. कसें तें आतां सांगतों.

आमची शाळा शहराच्या कडेला आहे. शाळेमागें दहा-बारा गुंठ्यांचा एक पडीक तुकडा होता. पूर्वीं तेथें क्रीडांगण करण्याचा विचार होता. पैसे जमले नाहींत आणि तुकडा तसाच राहिला. पावसाळा संपल्यावर तेथें हरभरा पेरावा, असें मीं सुचविलें. हरभराच कां, असें मुख्याध्यापकांनीं विचारलें. त्याचें कारण साधें होतें. ऊंस मुलांच्या हातून होत नाहीं, भाताला पाण्याची सोय नाहीं, आणि फुलझाडांत कष्ट व फळ यांचा संबंध मुलांच्या पोटापर्यंत पोंचत नाहीं. हरभऱ्याला पाणी थोडें लागतें, तीन-साडेतीन महिन्यांत पीक हातीं येतें, म्हणजे एका सत्रांत पेरणीपासून मळणीपर्यंत सर्व पाहून होतें. शिवाय सहलीला गेलेलीं शहरांतील मुलें वाटेवरच्या शेतांतला हरभरा उपटून सोलाणा खात खात येतात, आणि आपण कोणाच्या तोंडचा घांस घेत आहों हें त्यांच्या गांवींहि नसतें, हें मीं कितीदां तरी पाहिलें होतें. स्वतः पेरलें म्हणजे कळेल, असा माझा हिशेब होता.

सहावीच्या चाळीस मुलांनीं दिवाळीच्या सुटीनंतर तो तुकडा खणला. हातांना फोड आले. पहिल्या आठवड्यांत दोघांच्या घरून चिठ्ठ्या आल्या. एकींत लिहिलें होतें कीं, आमच्या मुलाला आम्ही शेती करण्यासाठीं शाळेंत घातलेलें नाहीं. मीं ती चिठ्ठी जपून ठेवली आहे. बिया रात्रभर भिजवून, ओळी आंखून, वीतभर अंतरावर पेरल्या. सहाव्या-सातव्या दिवशीं कोंब वर आले, त्या सकाळीं प्रार्थनेला कोणी वेळेवर आलें नाहीं. सारीं मुलें मागल्या बाजूला पोटावर पडून जमीन पाहत होतीं.

प्रत्येकाला एकेक ओळ नेमून दिली होती. माझी पहिली चूक हीच. त्या वेळीं मात्र मला ती मोठी युक्ति वाटली होती. जो तो आपल्या ओळीची निगा राखील, तण काढील, आणि या जिव्हाळ्यांतून हळूहळू साऱ्या सजीव सृष्टीविषयीं त्याच्या मनांत माया उत्पन्न होईल, असें मीं शाळेच्या वार्षिक अहवालांतहि लिहून टाकलें होतें. शिक्षकानें अहवाल पीक निघाल्यावर लिहावा, आधीं लिहूं नये.

या सर्वांत एक मुलगी विशेष. अबोल, अभ्यासांत मध्यम, पण तिची ओळ सर्वांत सुरेख. रोज शाळा भरण्यापूर्वीं येऊन ती ओळींतील रोपें मोजीत असे. शेंड्यांवर घाटेअळी दिसूं लागली तेव्हां वर्गांत वाद झाला. अळ्या मारावयाच्या कीं नाहीं? कांहीं मुलांना किळस आली, कांहींना दया. एक मुलगा म्हणाला, अळीलाहि भूक लागते. तेव्हां ही मुलगी कांहीं न बोलतां उठली आणि आपल्या ओळींतील एकेक अळी चिमटींत धरून डब्यांत टाकूं लागली. मग मी मुलांना शेतांत ठिकठिकाणीं काठ्या रोवावयास सांगितल्या. त्यांवर कोतवाल पक्षी येऊन बसले, साळुंक्या आल्या, आणि अळ्यांचा प्रश्न पक्ष्यांनीं आपल्या पद्धतीनें सोडविला. दयेचा प्रश्न मात्र तसाच राहिला. पक्ष्यानें खाल्ली म्हणजे पाप नाहीं आणि आपण मारली म्हणजे पाप, हें कसें, असें त्या मुलानें मला विचारलें. मीं त्याला जें उत्तर दिलें त्यानें त्याचें समाधान झालें नाहीं. माझेंहि झालें नव्हतें.

पौष महिन्याचे दिवस होते. आमच्या भागांत दिवाळीनंतर धनगरांचे कळप देशावरच्या कोरड्या मुलखांतून घाटाच्या बाजूला उतरूं लागतात. घोड्यांवर संसार, त्या संसारावर बसलेलीं लहान मुलें, मागें मेंढरें, त्यांत दुधासाठीं राखलेल्या चार-दोन शेळ्या. वाटेवरचे शेतकरी आपल्या रिकाम्या शेतांत मेंढ्या बसवून घेतात. रात्रभर कळप बसला म्हणजे लेंड्या आणि मूत यांनीं जमीन खतावते, आणि त्याबद्दल धनगराला धान्य किंवा रोकड मिळते. शाळेशेजारच्या शेतांत असाच एक कळप उतरला. मधल्या सुटींत दोन शेळ्या आमच्या वाफ्यांत शिरल्या आणि त्यांच्या मागोमाग, आपण कोठें चाललों आहों हें न कळतां, एक कोंकरूं शिरलें.

आरडाओरडा झाला. मुलें धांवलीं. शेळ्या चतुर, त्या क्षणांत बाहेर पडल्या. कोंकरूं मात्र गोंधळून मधेंच उभें राहिलें. दगड ज्या हातानें सुटला तो हात, सर्वांत सुरेख ओळ जिची होती, त्या मुलीचा. कोंकराचा पुढचा पाय मोडला. त्यानें हरभऱ्याचें एक पानहि खाल्लेलें नव्हतें.

मी पोंचलों तेव्हां धनगराचा दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा कोंकराला मांडीवर घेऊन बसला होता आणि माझे चाळीस विद्यार्थी त्याच्याभोंवतीं उभे राहून त्यालाच रागें भरत होते. 'तुझ्या शेळ्यांनीं आमचें शेत खाल्लें.' 'भरून दे.' एकानें तर पोलिसांचें नांव काढलें. तो मुलगा मान वर करून कोणाकडे पाहतहि नव्हता. दोन बोटांनीं तो पायाचें हाड चांचपीत होता. मग त्यानें आपल्या मुंडाशाची पट्टी फाडली, आमच्या कुंपणाच्या बांबूच्या दोन कांबट्या काढून घेतल्या, पाय सरळ ओढून कांबट्यांमध्यें बसविला आणि गुंडाळून बांधला. हें सारें करतांना कोंकरूं ओरडत होतें आणि तो तोंडानें एक बारीक, एकसुरी आवाज काढीत होता. कांहीं वेळानें कोंकरूं ओरडावयाचें थांबलें. माझीं मुलेंहि थांबलीं होतीं.

श्रोतेहो, त्या दुपारीं मी घरीं गेलों तो स्वतःवर चिडून. वाफ्याविषयींची माया खोटी नव्हती. ती खरी होती म्हणूनच दगड सुटला. मातींत हात घातले कीं अंतःकरण आपोआप मऊ होतें, ही आपली एक लाडकी समजूत आहे. हात मातींत घालून मीं मुलांना शेतकऱ्याचें कष्ट दाखविले खरे, पण त्याबरोबर मालकीचा अभिमानहि पेरला, आणि मालकीचें बीं हरभऱ्याच्या बियांपेक्षां लवकर उगवतें. मुलांना झाडांच्या कायेंत शिरतां आलें. वाफ्याच्या कुंपणापलीकडे उभा असलेला मुलगा त्यांना दिसलाच नाहीं.

येथें मला दोन बायांची आठवण होते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचीं नांवें आपल्यापैकीं अनेकांना परिचित आहेत. ताराबाईंनीं भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचें काम केलें, १९३६ मध्यें मुंबईंत दादरला शिशुविहार सुरू केला, आणि १९४५ मध्यें, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षीं, शहरांतील नांवारूपाला आलेलें काम सोडून त्या डहाणूजवळच्या बोर्डी गांवीं गेल्या. अनुताई त्यांच्याबरोबर गेल्या. पुढें हें काम कोसबाडच्या टेकडीवर स्थिरावलें. तेथें मुलें होतीं वारल्यांचीं. शाळा काढली तर मुलें येत ना. शहरांतला माणूस अशा वेळीं म्हणतो, या लोकांना शिक्षणाची आवडच नाहीं. त्या दोघींनीं निराळा प्रश्न विचारला: मुलें शाळेंत नाहींत, तर आतां या घटकेला आहेत कोठें? लहान भावंडें अंगणांत होतीं, आणि मोठीं मुलें गुरें घेऊन रानांत गेलीं होतीं. मग लहानांसाठीं पाड्यावरच्या अंगणांतच बालवाडी भरूं लागली, ती अंगणवाडी. आज तो शब्द देशभर सरकारी कागदांवर आहे. आणि गुराख्यांसाठीं शिक्षक स्वतः उठून कुरणांत गेले. गुरें चरत आहेत, मुलें त्यांच्यावर नजर ठेवून आहेत, आणि झाडाखालीं शाळा चालली आहे. तिचें नांव कुरणशाळा.

माँटेसरीबाईंचीं महाग साधनें त्या रानांत कोण आणणार? तेव्हां खडे, पानें, बिया, शिंपले हींच साधनें झालीं. शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत याची गणना काटकसरींत होते. मला त्यांत वेगळेंच दिसतें. त्या रानांतील पानें आणि बिया यांविषयीं वारल्याच्या मुलाला बाईंपेक्षां अधिक ठाऊक होतें. कोणत्या झाडाचा डिंक, कोणत्या पानाचा द्रोण, कोणतें फळ कधीं पिकतें, कोणतें विषारी. हें तो सांगणार आणि बाई ऐकणार. मूल शिक्षकाच्या जगांत येण्याऐवजीं शिक्षक मुलाच्या जगांत गेला कीं पायऱ्यांचा क्रमच उलटतो. समानुभूतीचा पहिला धडा कोसबाडला विद्यार्थ्यांनीं घेतला असें मला वाटत नाहीं. तो दोन शिक्षिकांनीं घेतला आणि म्हणूनच त्यांना तो देतां आला.

वर्ध्याला ऑक्टोबर १९३७ मध्यें जी शिक्षणपरिषद भरली, तीमधून नयी तालीमची योजना निघाली. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीनें तिचा आराखडा केला. हातानें काम करीत शिकावें, हें तिचें सूत्र सर्वांना पाठ आहे. त्या सूत्राची चेष्टाहि पुष्कळ झाली. टकळी हातांत देऊन मुलांचा अभ्यास बुडविला, असें म्हणणारे तेव्हां होते आणि आतांहि आहेत. परंतु कामाचें मोल सुतापेक्षां अधिक होतें. ज्या देशांत हातानें काम करणारा खालचा आणि लेखणीनें करणारा वरचा, असें जन्मतःच शिकविलें जातें, तेथें शाळेची झाडलोट, स्वयंपाक आणि पायखानासफाई सर्व जातींच्या मुलांनीं मिळून करणें, याचा अर्थ परकायाप्रवेशाहून कमी नव्हता.

आतां एक दूरची गोष्ट. युक्रेनमध्यें पाव्लिश नांवाच्या खेड्यांत वसील सुखोम्लिन्स्की या नांवाचा एक मुख्याध्यापक होऊन गेला. १९४८ पासून १९७० सालीं मरेपर्यंत त्यानें ती एकच खेड्यांतली शाळा चालविली. महायुद्धांत तो स्वतः घायाळ झाला होता. छातींतले कांहीं तुकडे काढतां आले नाहींत, ते तसेच राहिले. पत्नीला जर्मनांनीं ठार मारलें होतें. १९५१ मध्यें त्यानें सहा वर्षांचीं ३१ मुलें गोळा केलीं आणि पुस्तक हातीं देण्यापूर्वीं त्यांना निळ्या आभाळाखालीं फिरविलें. युद्धानें पोळलेल्या घरांतलीं मुलें तीं. कित्येकांना बाप नव्हता. तो त्यांना रानांत नेई, ओढ्याकाठीं बसवी, सूर्योदय दाखवी, गोष्टी रचावयास लावी. मुलांनीं जखमी पांखरांसाठीं एक इस्पितळ केलें होतें. हें सर्व त्यानें लिहून ठेवलें. त्याचें पुस्तक १९६९ मध्यें रशियन भाषेंत प्रसिद्ध झालें. ज्याच्या स्वतःच्या मनांत द्वेष उत्पन्न होण्याला इतकें सबळ कारण होतें, त्या माणसानें उरलेलें आयुष्य मुलांना चिमणीचा पंख कसा धरावा हें शिकविण्यांत घालविलें, ही गोष्ट मला त्याच्या साऱ्या सिद्धान्तांपेक्षां मोठी वाटते.

पण त्याची एक गोष्ट मला माझ्या वाफ्याच्या संदर्भांत फार उपयोगीं पडली. त्याच्या शाळेंत मुलें झाडें लावीत, फुलें वाढवीत, तीं बहुधा कोणासाठीं तरी असत: आजारी आजीसाठीं, आईसाठीं, म्हाताऱ्या शेजाऱ्यासाठीं. माझ्या मुलांचा हरभरा कोणासाठींच नव्हता. तो ज्याचा त्याचा होता. आपल्याकडे साने गुरुजींच्या 'श्यामची आई'मध्यें 'मुकीं फुलें' नांवाचें एक प्रकरण आहे. कळ्या तोडून आणणाऱ्या श्यामला आई झाडाची आणि फुलाची बाजू समजावून देते. तिनें त्याला झाडें लावावयास सांगितलें नाहीं. त्याच्या हांवेपलीकडे दुसरा कोणी आहे, हें दाखविलें.

तर, दगडाच्या दुसऱ्या दिवशीं मीं काय केलें तें सांगतों. क्षमा मागण्याचा समारंभ केला नाहीं. वर्गापुढें उभें करून 'चुकलें' म्हणावयास लावणें हा शिक्षकाच्या समाधानाचा विधि आहे. मी त्या मुलीला, आणि जीं येतील त्यांना, घेऊन शाळा सुटल्यावर धनगराच्या वाड्यावर गेलों. वाडा म्हणजे घर नव्हे. उघड्या शेतांत तीन दगडांची चूल, घोंगड्या, दोरीच्या जाळीचें कुंपण आणि त्यांत मेंढरें. तान्हीं कोंकरें टोपलीखालीं झांकलेलीं. अकरा मुलें आलीं होतीं. बाकीच्यांना घरून परवानगी नव्हती.

त्या मुलाची आजी चुलीपाशीं होती. मीं म्हटलें, "आजी, काल आमच्या मुलांनीं तुमच्या कोंकराला मारलें." ती म्हणाली, "आमची पोरंबी दगडच मारत्यात की, मास्तर. बसा. च्या घ्या." शेळीच्या दुधाचा चहा. दोन मुलांनीं तोंड वांकडें केलें. मीं पाहून न पाहिल्यासारखें केलें. आजीनें वाफ्याची चौकशी केली. शेळ्यांनीं शेंडे खाल्ले एवढें ऐकून ती हंसली. "शेंडं खुडलं म्हंजी फुटवा धरंल. खुडून भाजी करीत न्हाई व्हय तुमी?" आम्हांपैकीं कोणालाच हें ठाऊक नव्हतें. महिनाभराच्या हरभऱ्याचे शेंडे खुडले कीं फांद्या अधिक फुटतात आणि घाटे अधिक लागतात, ही गोष्ट कृषिविद्यालयांतहि शिकवितात. पण मीं ती वाचलेली नव्हती. ज्या नुकसानीसाठीं दगड सुटला, तें बहुतांश नुकसान नव्हतेंच. बुडापर्यंत खाल्लेली एक ओळ मात्र गेली ती गेली.

मग तिनें विचारलें, "आंब धरली का?" आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागलों. हरभऱ्याच्या पानांवर अंगचा आंबट रस सुटतो, पहाटेच्या दंवाबरोबर तो मिळतो; रात्रीं पिकावर स्वच्छ धडपा पसरून ठेवावा आणि उजाडण्यापूर्वीं पिळून घ्यावा; ती आंब. पोटदुखीवर जुन्या लोकांचें औषध. माझ्या विद्यार्थ्यांच्या आज्यांनाहि ती ठाऊक असेल. पण विचारणार कोण? दुसऱ्या दिवशीं पहाटे साडेपांचाला आजी स्वतः आमच्या वाफ्यावर आली आणि धोतराचा धडपा कसा पिळावा हें तिनें मुलांना दाखविलें. तिला लिहितां-वाचतां येत नव्हतें. शाळेच्या आवारांत ती प्रथम येत होती, आणि आली ती शिक्षिका म्हणून.

कळप तेथें आठ दिवस राहिला. ती मुलगी रोज सायंकाळीं वाड्यावर जाई. कोंकराला उचलतांना हात कोठें द्यावा, हें त्या मुलानें तिला दोनदां शिकविलें. पहिल्यांदां तिच्या हातून तें निसटलें तेव्हां तो चांगलाच ओरडला. त्या दोघांत काय बोलणें झालें तें मीं कधीं विचारलें नाहीं. एवढें मात्र पाहिलें कीं, कळप उठला त्या सकाळीं तिनें आपल्या ओळींतला कोंवळा पाला खुडून ओंजळभर आणला होता, आणि त्या मुलानें तो कोंकराला न घालतां आजीकडे भाजीसाठीं दिला.

या सगळ्यावरून मुलें बदललीं काय, असें आपण विचाराल. मी अहवाल लिहावयाचें सोडून दिलें आहे. ज्यांनीं पोलिसांचें नांव काढलें होतें, त्यांच्यापैकीं एकजण शेवटपर्यंत म्हणत राहिला कीं, शेत आमचें होतें. त्याचें म्हणणें न्यायाला धरूनच होतें. ओळी वांटून देण्याची पद्धत आम्हीं त्याच वर्षीं मोडली. पीक काढल्यावर वाफ्यांत मेंढ्या बसवाव्या, असा ठराव मुलांनींच वर्गांत मांडला आणि तो पांच मतांनीं संमत झाला. मात्र तोंवर कळप घाटाखालीं उतरून गेला होता.

शहरांतल्या सुशिक्षित आईबापांना मला एक विनंति करावयाची आहे. १९५० सालीं कन्हैयालाल मुनशी यांनीं वनमहोत्सव सुरू केला, तेव्हांपासून दर आषाढांत आपलीं मुलें रोपें लावतात. छायाचित्र निघतें, खाऊ मिळतो, आणि त्या रोपाला पुन्हां भेटावयास कोणी जात नाहीं. मार्गशीर्षांत त्याला पाणी कोण घालतो, हें मुलाला विचारून पाहा. जो घालतो त्याचें नांव मुलाला ठाऊक असेल, तर रोप लावण्याचें सार्थक झालें. नसेल तर एका माणसाचें श्रम आपण आपल्या मुलाच्या नांवावर जमा केले. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षणधोरणांत सहावी ते आठवीच्या मुलांसाठीं दहा दिवस दप्तराविना असावेत आणि त्या काळांत त्यांनीं सुतार, माळी, कुंभार अशांच्या हाताखालीं शिकावें, अशी सूचना आहे. सूचना चांगली आहे. तिची अंमलबजावणी माळ्याला शाळेंत बोलावून टाळ्या वाजविण्यानें होणार नाहीं. मुलानें माळ्याच्या हाताखालीं चुकलें पाहिजे, माळी त्याच्यावर ओरडला पाहिजे, आणि घरीं येऊन मुलानें तक्रार केली तर आपण माळ्याची बाजू ऐकून घेतली पाहिजे. हें शेवटचें फार कठीण आहे. मला आलेल्या चिठ्ठ्यांवरून सांगतों.

गेल्या तीस-चाळीस वर्षांत मुलांच्या भोंवतालची मोकळी जमीन झपाट्यानें कमी झाली. आमच्या शाळेमागचा तुकडा अजून आहे, पण ज्या शेतांत कळप उतरला होता तेथें आतां इमारतीचा पाया घातला आहे. मेंढ्या बसवून घेणारे शेतकरी कमी झाले, वाटा बंद झाल्या, आणि धनगरांची मुलेंहि, योग्य तेंच, शाळांतून जाऊं लागलीं. त्यांतील एखादा माझ्या वर्गांत येऊन बसला तर त्याला कोंकराच्या मोडक्या पायाचें ज्ञान विसरावयास न लावतां त्रैराशिक कसें शिकवावें, याचा विचार मीं अद्याप पुरता केलेला नाहीं.

त्यानंतरच्या वर्षीं मार्गशीर्षांत तो कळप पुन्हां आला. शेत तेव्हां मोकळें होतें. माझीं मुलें सातवींत गेलीं होतीं. ती मुलगी कोणाला न विचारतां वाड्यावर गेली. मी मागून गेलों. आजी या खेपेस आली नव्हती, तिला चालवत नव्हतें, गांवीं राहिली होती. मुलगा वीतभर उंच झाला होता. मुलीनें कोंकराची चौकशी केली.

"इकलं," तो म्हणाला. "नर हुता. बाजारला गेला."

ती बराच वेळ उभी राहिली. मग तिनें विचारलें, "त्याचा पाय बरा झाला होता ना?"

"व्हय," तो म्हणाला. "चांगला पळत हुता."

तिनें पिशवींतून एक बाटली काढून त्याच्या हातांत दिली. त्या सालच्या पेऱ्याची, पहिल्या पहाटेला धरलेली आंब होती. आजीला द्या, म्हणाली, आणि शाळेची घंटा झाली म्हणून आम्ही दोघें परत फिरलों.